मोटर मेली नव्हती

कासेगाव मागं पडलं आणि वायपर थांबले. खाली जाऊन बसले नाहीत, काचेच्या बरोबर मध्ये दोन्ही पाती उभी राहिली. २०२२ च्या जुलैतली रात्र. सांगलीहून आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला हायवेला लागले तेव्हा नुसती भुरभुर होती. पुढं पाऊस असा कोसळायला लागला की समोरच्या ट्रकचे तांबडे दिवे काचेवरून ओघळताना दिसत होते, ट्रक दिसतच नव्हता. शेजारच्या सीटवर अण्णा, माझे वडील, वय ८१. मिरजेला डॉक्टरांना दाखवून त्यांना मी साताऱ्याला माझ्या घरी घेऊन चालले होते.

त्या वेळी मी जे केलं ते कुणीही करू नये. खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि तशीच गाडी पुढं नेत राहिले. कऱ्हाड आता फार लांब नाही, एवढंच डोक्यात होतं. वायपरचं बटण चालूच ठेवलेलं, की आत्ता चालतील, मग चालतील. दोन-तीन मिनिटांत डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास यायला लागला. अण्णांनी आधी ओळखला. "चावी बंद कर," ते एवढंच म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजात त्यांनी मला लहानपणी विहिरीच्या काठावरून मागं ओढलं होतं.

डावीकडं एका पेट्रोल पंपाच्या तोंडाशी गाडी घेतली. तिथं थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं माझ्याकडून पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग खिशातली तंबाखूची पुडी काढून, चिमूटभर तंबाखू ओली करून माझ्या बाजूच्या काचेवर चांगली चोळली. तंबाखू चोळली की थेंब काचेवर गोळा होत नाही, पाणी सपाट पसरून खाली उतरतं आणि त्यातून पलीकडचं दिसतं. एसटीचे जुने ड्रायव्हर हे करायचे, बटाटा कापून चोळणारेही होते. पाऊस ओसरेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. नंतर बॅटरी जोडली, वायपरचा फ्यूज काढून ठेवला आणि चाळीसच्या वेगानं कऱ्हाड गाठलं. रात्र कऱ्हाडलाच काढली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ती वायपरची मोटर नवी होती. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी बसवलेली.

गाडी अण्णांची, १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच-१० पासिंग. हळदीच्या पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्या माणसानं घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरासमोर ही गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात होती. आयर्विनजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. यावरून पाणी कुठवर चढलं होतं याचा अंदाज बाहेरच्या माणसालाही यावा. पूर ओसरल्यावर आम्ही इंजिन ऑइल दोनदा बदललं, सीटा उन्हात टाकल्या, मॅटिंग फेकून दिलं, स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून घेतले. गाडी चालू झाली तेव्हा अण्णांनी तिच्यापुढं नारळ फोडला. वायपरकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. पुरातून निघालेल्या गाडीत वायपर चालतोय की नाही एवढंच माणूस बघतो. चालत होता.

२०२१ च्या पावसाळ्यात पाती हळू झाली. अण्णा म्हणाले, "पाती ओढत चाललीयत गं. आवाज बदललाय." मी म्हटलं, जुनी गाडी आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये वायपर बंदच पडले. साताऱ्यातल्या एका गॅरेजात गाडी नेली. त्यांनी बटण दाबून बघितलं, मोटरला हात लावून बघितला आणि सांगितलं, मोटर गेली. १,८०० रुपयांत नवी बसली. जुनी मी फेकली नाही, अण्णांच्या सवयीनं कापडात गुंडाळून डिकीत ठेवली. तीन आठवड्यांत फ्यूज उडाला. बदलला. पुन्हा उडाला. रस्त्यावरच्या एका दुकानात एकानं जास्त अँपिअरचा फ्यूज घालून दिला आणि म्हणाला, आता उडणार नाही. खरंच उडाला नाही. त्याच्या बदल्यात कासेगावच्या पुढं वायर जळाली.

फ्यूजबद्दल इथंच बोलते, कारण यात माणसं गाडीसकट जळतात. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला सगळ्यात कच्चा दुवा असतो. तो उडाला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. दुसऱ्यांदा उडाला की पुढं कुठं तरी दुखणं आहे, ते शोधायचं. मोठा फ्यूज, तांब्याची तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, यातलं काहीही घातलं की कच्चा दुवा वायरकडं सरकतो, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि कापडाच्या मध्ये असते. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जो आकडा छापलाय तोच फ्यूज घाला. जवळ दोन जादा ठेवा.

कऱ्हाडहून दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आलो. पंधरा दिवसांनी, उघडीप बघून, मी गाडी सांगलीला शंभर फुटी रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेली. अण्णांची त्यांच्याशी जुनी ओळख. पत्र्याचं शेड, एक बाक, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या जुन्या मोटरींचे सांगाडे. मला वाटलं, ते आल्या आल्या मोटर काढतील. त्यांनी मोटर काढलीच नाही. बॅटरी सोडवली, बॉनेट उघडलं, मोटरचे बोल्ट सैल करून ती जराशी पुढं ओढली, आणि तिच्या मागच्या दांडीचा गोळा वाटीतून स्क्रू ड्रायव्हरनं अलगद उचकटला. आता मोटर वेगळी आणि पात्यांची दांडी वेगळी.

"ताई, आता तुम्हीच पाती फिरवून बघा."

मी पात्याचा दांडा खालून धरून फिरवायला गेले. हललं नाही. दोन्ही हात लावले तेव्हा करकरत वीतभर सरकलं आणि अडकलं.

"एका बोटानं फिराय पायजे ते," मिस्त्री म्हणाले. "मोटर काय करंल हो? बैल दमला म्हणून तुम्ही नवा बैल आणला. चाक चिखलात रुतलंय ते कुणी बघितलंच नाही."

आणि खरोखरच चिखल निघाला. पाती ज्या दोन खुंट्यांवर फिरतात त्या खुंट्या काचेच्या खालच्या जाळीत, बुशांमध्ये बसलेल्या असतात. मिस्त्रींनी अख्खं लिंकेज बाहेर काढलं आणि खुंट्या बुशांतून ठोकून काढल्या, तेव्हा बुशाच्या आतून राखाडी, पिठासारखा बारीक गाळ सांडला. तीन वर्षांपूर्वीची कृष्णा. त्या गाळात जुनं ग्रीस मिसळून लाखेसारखं घट्ट झालं होतं आणि खुंटीवर गंजाचे खवले धरले होते. मी तो गाळ कागदावर घेतला. बोटांत चोळला तर करकरला.

इथं थोडं विजेचं समजून घ्यावं लागतं, कारण हेच कळलं नाही म्हणून माझा पैसा गेला आणि जीवही जाणार होता. डीसी मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच्या फिरण्यानं उलटा दाब तयार करते, आणि तो दाब येणाऱ्या करंटला आवरून धरतो. जितकी मोकळी फिरेल तितका करंट कमी. तिला ओझं झालं की ती हळू होते, उलटा दाब घटतो, करंट वाढतो. आणि ती अडकून थांबली, तर आवरणारं काहीच उरत नाही. नेहमीच्या कितीतरी पट करंट तिच्यातून आणि तिच्या वायरीतून जातो, आणि सगळा उष्णतेत जातो. मी बटण चालू ठेवून बसले होते ती दोन-तीन मिनिटं ही होती. म्हणून वायपर अडकले की पहिली गोष्ट बटण बंद करायची. काही मोटरींत आतच तापमानावर तुटणारा कटआउट असतो. तशा गाडीत वायपर मध्येच थांबतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालतात. लोकांना वाटतं, बरं झालं, सुधारलं. ते सुधारलेलं नसतं, थंड झालेलं असतं.

मिस्त्रींनी मग दोन्ही मोटरी बाकावर घेतल्या. नवी उघडली तर आतलं आर्मेचर काळंठिक्कर, तारांवरचं वार्निश जळालेलं. ती संपली होती. डिकीतली जुनी, १९९८ ची, त्यांनी थेट बॅटरीला जोडली. ती फिरली. कण्हत, ठिणग्या टाकत, पण फिरली. उघडल्यावर दिसलं, कार्बन झिजून नखाएवढे उरलेत, ते जिथं घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडलाय, आणि दातेरी चाकातलं ग्रीस मेणासारखं. दातेरी चाकाचे दाते मात्र शाबूत.

"ही मेली न्हवती," ते म्हणाले. "हिला उपाशी ठेवून राबवली."

नवे कार्बन, बारीक काचपेपरनं कम्युटेटरची सफाई, कार्बनच्या भुकटीनं भरलेल्या चिरा टोकदार पात्यानं मोकळ्या करणं, नवं ग्रीस. लिंकेजच्या खुंट्या घासूनपुसून, नवे बुश टाकून. जळालेल्या वायरीचा तुकडा बदलला, फ्यूज छापील आकड्याचा घातला. सगळं मिळून साडेसहाशे रुपये आणि एक दुपार. आज गाडीत तीच जुनी मोटर आहे.

त्या दुपारी बाकावर बसून मी जे बघितलं आणि नंतर स्वतः करून पाहिलं ते लिहून ठेवते. ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे आणि जे घाटात, पावसात ती चालवतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

वायपर काय करतोय ते नीट बघा, कारण प्रत्येक दुखण्याची चाल वेगळी असते. जोरात चालतो पण हळूवर चालत नाही, किंवा उलट, तर बहुतेक वेळा मोटरमधला एक कार्बन झिजलाय किंवा स्टिअरिंगखालचं बटण खराब आहे. दोन वेगांच्या मोटरीत तीन कार्बन असतात. दोन समोरासमोरचे हळू वेगासाठी, तिसरा जरा तिरका बसवलेला, जोराच्या वेगासाठी. त्यामुळे एक वेग गेला म्हणून मोटर गेली असं होत नाही. बटण बंद केल्यावर पाती खाली न बसता जिथल्या तिथं थांबतात, तर दातेरी चाकाच्या झाकणात एक तांब्याची चकती आणि तिच्यावर घासणाऱ्या पट्ट्या असतात, तिथं घाण बसलीय. पाती खाली पोचेपर्यंत मोटरला वीज देत राहणं हे त्या चकतीचं काम. नुसतं साफ करून, पट्टी जराशी वाकवून काम होतं. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण पाती हलत नाहीत, तर दांडीचा गोळा वाटीतून निसटलाय, नाही तर प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते गेलेत. दाते गेले असतील तर मात्र मोटर बदललेली बरी.

आणि पाती दोन्ही वेगांना हळू, दमल्यासारखी चालत असतील तर मोटरवर शेवटी यायचं. आधी रबर बघा. उन्हानं कडक झालेलं रबर काचेला नुसतं ओढत राहतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या बाजूला गाडी असेल तर उन्हाळाभर रबर भाजून निघतं आणि काचेवर धूळ बसते. तिकडं लोक कोरड्या काचेवर वायपर फिरवून धूळ काढतात, त्यानं काचेवर कायमचे ओरखडे येतात आणि मोटरवर सगळ्यात जास्त ताण पडतो. आधी पाणी मारा. मग दांडी सोडवून पाती हातानं फिरवून बघा, जशी मला फिरवायला लावली तशी. बॅटरी सोडवल्याशिवाय मात्र त्या दांड्यांमध्ये हात घालू नका. चुकून बटण लागलं तर बोट तुटेल एवढा जोर त्यात असतो.

लिंकेज मोकळं निघालं तर वीज बघायची. स्वस्तातला मल्टीमीटर पुरतो. गाडी चालू, वायपर चालू, आणि मोटरच्या प्लगवर किती व्होल्ट येतात ते बॅटरीवरच्या व्होल्टशी ताडून बघा. एखाद व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरीत, बटणात किंवा अर्थिंगमध्ये आहे. अर्थिंगचा बोल्ट सोडवून खालचा गंज घासला की कित्येक मोटरी सुधारतात. पुरातून निघालेल्या गाडीत तर हे आधी बघावं.

मोटर काढायचीच असेल तर दोन गोष्टी. दांडीच्या मधल्या नटाजवळ, दांडी कशी बसली होती त्याची खूण स्केचपेननं करा. उलटी बसली तर पाती काचेवर न फिरता बॉनेटवर जाऊन आपटतात. आणि तो नट सोडवताना दांडी दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा. न धरता जोर लावला तर सगळा जोर आतल्या प्लॅस्टिकच्या दात्यांवर येतो. चांगली मोटर काढतानाच मोडते.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडं १९९० ची माझदा मियाटा आहे, दिवे बॉनेटच्या आत लपवणारी. बटण दाबलं की दोन छोट्या मोटरी दिवे वर उचलतात. असे दिवे पहिल्यांदा १९३६ च्या अमेरिकन कॉर्ड गाडीत आले, तेव्हा ते डॅशबोर्डवरची मूठ हातानं फिरवून उघडावे लागत. नंतर मोटरी आल्या आणि मोटरींची दुखणीही. त्याच्या गाडीचा उजवा दिवा उठेना, अर्धा येऊन थांबायचा. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, जुन्या बाजारातून मोटर मागवतोय. मी त्याला म्हटलं, मागवू नकोस, आधी हातानं उचलून बघ. त्या गाडीत प्रत्येक मोटरला रबरी टोपीखाली एक घुंडी असते, ती फिरवून दिवा हातानं वर-खाली करता येतो, वीज गेली तरी रात्री घरी पोचता यावं म्हणून. आधी त्या मोटरींचा फ्यूज काढून ठेवायला सांगितला, कारण झाकणात बोटं चिरडतात. डाव्या दिव्याची घुंडी सहज फिरली. उजव्याची त्याला दोन हातांनी फिरवावी लागली. तिकडं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठानं बिजागरी गंजली होती. कृष्णेच्या गाळानं माझ्याकडं जे केलं तेच तिथं मिठानं. तेल, ग्रीस, दोन दिवस सावकाश हलवत राहिला, आणि जुन्याच मोटरनं दिवा उचलला. बर्फ धरलेला असताना मात्र बटण दाबू नकोस, आधी कोमट पाणी टाक, हेही मी त्याला बजावून सांगितलं. अडकलेली मोटर म्हणजे काय ते मी वासानं ओळखते.

दिव्यांचंही बोलायला हवं, कारण पावसात वायपर आणि दिवा ही एकाच डोळ्याची दोन कामं आहेत. आमच्या गाडीला अण्णांच्या एका शेजाऱ्यानं हौसेनं १०० वॅटचे बल्ब घातले होते. मूळचे ६०/५५ वॅटचे. वायरी आणि बटण त्याच हिशेबाचे. मिस्त्रींनी स्टिअरिंगखालचं कव्हर काढून दाखवलं, दिव्याच्या बटणाचं प्लॅस्टिक तपकिरी पडून वाकलं होतं. मूळ वॅटचे बल्ब परत घातले, आणि बॅटरीपासून रिले टाकून जाड वायर ओढली. बल्ब लहान झाले आणि उजेड वाढला, कारण आधी बरेच व्होल्ट वाटेतच जळत होते. धुक्यात, पसरणी घाटात किंवा महाबळेश्वरच्या वाटेवर, डिपर खालीच ठेवा. वरचा दिवा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

भर पावसात वायपर गेलेच, तर बटण बंद, चारी इंडिकेटर चालू, वेग हळूहळू कमी करत डावीकडं. जमलं तर पंप, धाबा, टपरी, कुठंही उजेड असलेल्या ठिकाणी. हायवेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत थांबू नका. म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्यालाही डावीकडच्या दारानं उतरवून रस्त्यापासून लांब न्या. अण्णांना त्या रात्री मी गाडीतच बसवून ठेवलं होतं, पाठीमागून ट्रक येत असताना. त्याचा विचार आजही मला झोपेतून उठवतो.

आता दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, गाडी सर्व्हिसिंगला न्यायच्या आधी, मी स्वतः काचेखालची जाळी काढते. पानं, माती, पाखरांची पिसं काढून टाकते. खुंट्यांच्या बुशात दोन-दोन थेंब तेल, आणि रबर कडक झालं असेल तर नवं. अर्धा तास लागतो.

अण्णा आता ८३ वर्षांचे झाले. गाडीत फारसे बसत नाहीत. पण साताऱ्यात पहिला पाऊस आला की सांगलीहून फोन येतो, मिनिटाला पाती किती वेळा जातात? मी अंगणात गाडी चालू करते, काचेवर पावसाचं पाणी असतंच, घड्याळ लावून मोजते आणि सांगते. गेल्या पावसाळ्यात बेचाळीस होत्या. ते म्हणाले, लिहून ठेव.